अन्न, मन आणि दोन दारें

आपल्या भाषेंत अन्नाचा आणि मनाचा संबंध सांगणारे शब्दप्रयोग पुष्कळ आहेत. माणूस दुःखांत असला म्हणजे त्याला अन्न गोड लागत नाहीं. चिंता लागली म्हणजे घास घशाखालीं उतरत नाहीं. आजाऱ्याची अन्नावरची वासना उडते. आणि रुसलेल्या मुलीला पानावर बसवितांना घरांतील वडील माणसें ‘अन्नावर राग काढूं नये’ असें बजावतात. हे शब्द ज्यांनीं रूढ केले त्यांना शरीर आणि मन हीं दोन वेगळीं खातीं वाटत नव्हतीं. रुग्णालयांच्या इमारती बांधणाऱ्यांना मात्र तीं तशीं वाटलीं. शरीराच्या दुखण्याला एक दार आणि मनाच्या दुखण्याला दुसरें, अशी रचना दीर्घकाळ चालत आली. ज्या दुखण्यांत अन्न आणि मन हीं एकमेकांत गुंतलेलीं असतात, त्या दुखण्याचा रोगी या दोन दारांमध्यें कसा सांपडला, आणि तीं दारें एक करण्याचे प्रयत्न कोणीं व कसे केले, याचा इतिहास मी आज आपणांस थोडक्यांत सांगणार आहें.

मी वैद्य नव्हें. यवतमाळ जिल्ह्यांत वणीजवळ राजूर म्हणून गांव आहे. दगडी कोळशाची खाण आणि चुन्याच्या भट्ट्या यांमुळें तें नांव आपल्या कानांवरून गेलें असेल. त्या भागांत मीं हयातभर शाळामास्तरकी केली. शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें. तेव्हां जें सांगतों तें एका परिचित डॉक्टरांनीं पुस्तकें पुढ्यांत ठेवून समजावून दिलेलें आणि मीं पुन्हां पुन्हां वाचून पडताळलेलें आहे. या वयांत हा विषय हातीं कां घेतला, तें मात्र आधीं सांगितलें पाहिजे.

तीसएक वर्षांपूर्वीं सातवीच्या वर्गांत माझी एक विद्यार्थिनी होती. बाप चुन्याच्या भट्टीवर रोजानें कामाला. पण घरीं दोन वेळचें अन्न होतें. मुलगी हुशार, अबोल, अक्षर मोत्यासारखें. तिनें प्रथम सोमवार धरला, मग गुरुवार, मग चतुर्थी. पुढें उपवास नसलेल्या दिवशींही तिचा डबा भरलेलाच परत जाऊं लागला. मीं काय केलें? सगळ्या वर्गासमोर तिला उभी केली आणि म्हटलें, “पाहा, निग्रह असावा तर असा!” सहामाहीनंतर तिचे हात काड्यांसारखे झाले. प्रार्थनेच्या वेळीं ती दोनदां भोवळ येऊन पडली. तेव्हां कोठें धांवपळ सुरू झाली. एकानें टॉनिक दिलें, दुसऱ्यानें क्षयाची शंका घेतली, तिसऱ्यानें बाहेरची बाधा सांगितली. अखेर बाप तिला दूरच्या शहरांतील एका मोठ्या रुग्णालयांत घेऊन गेला. तेथें शरीराच्या डॉक्टरांनीं तपासून सांगितलें कीं, रोग असा कांहीं दिसत नाहीं, मनाच्या डॉक्टरांकडे न्या. मनाचे डॉक्टर दुसऱ्या इमारतींत आणि दुसऱ्या वारीं. त्यांनीं सांगितलें, हिच्यांत बोलण्याचेंही त्राण नाहीं, आधीं वजन वाढवून आणा. बाप पुन्हां पहिल्या दाराशीं. प्रत्येक खेपेस दोन दिवसांची मजुरी बुडे. चार खेपांनंतर त्यानें जाणें सोडलें. चौदावें वर्ष पुरें होण्यापूर्वींच एका पहाटे ती अंथरुणांत गेली. ‘अशक्तपणानें गेली’ असें गांवांत म्हणाले. शब्द खोटा नव्हता. पण तो पुरा नव्हता.

त्या दोन्ही डॉक्टरांना मी आज दोष देत नाहीं. दोघांचेंही म्हणणें आपापल्या परीनें खरें होतें. मुलगी हरवली ती त्या दोन खऱ्या विधानांच्या मधल्या जागेंत. ती जागा कशी निर्माण झाली, हा माझा आजचा प्रश्न आहे.

आपल्या प्राचीन वैद्यकांत ती नव्हती, असें म्हणावयास आधार आहे. चरकसंहितेंत अरोचक म्हणजे अन्नाची रुचि जाणें या विकाराचीं कारणें सांगतांना वातादि दोषांच्या जोडीला शोक, भय, लोभ आणि क्रोध हींही सांगितलीं आहेत. ज्याचें कारण मनांत आहे, त्या रोग्याला धीर देणें, त्याचें चित्त प्रसन्न करणें हाही चिकित्सेचाच भाग मानला आहे. अन्नाचा द्वेष वाटणें यालाही आपल्याकडे ‘भक्तद्वेष’ असा स्वतंत्र शब्द आहे. म्हणजे काढा देणारा आणि धीर देणारा वैद्य एकच होता. आजच्या अर्थानें हा रोग त्यांना ठाऊक होता, असा दावा मी करीत नाहीं. पण दृष्टि एकसंध होती, एवढें खरें.

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे; कारण त्यानेंच मला फसविलें. उपवास आणि हा रोग यांत फरक आहे. १९४३ च्या फेब्रुवारींत पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्यें महात्मा गांधींनीं एकवीस दिवसांचा उपवास केला. तो कधीं संपणार हें पहिल्या दिवशींच ठरलेलें होतें. डॉक्टरांचें लक्ष होतें. आणि ३ मार्च रोजीं तो सुटला. व्रताला हेतु असतो, मुदत असते आणि पारणें असतें. रोगाला पारणें नसतें. व्रत करणारा अन्न सोडतो आणि पुन्हां धरतो. रोग्याच्या हातून तें सुटतें आणि पुन्हां धरण्याची शक्ति त्याच्यापाशीं उरत नाहीं. बाहेरून दोघेही सारखेच निग्रही दिसतात. शिक्षकाच्या आणि आईच्या डोळ्यानें हा भेद ओळखला पाहिजे.

पश्चिमेकडील वैद्यकांत या रोगाचें पहिलें ठळक वर्णन १६८९ सालीं लंडनच्या रिचर्ड मॉर्टन यांनीं केलें. क्षयावरील आपल्या ग्रंथांत त्यांनीं दोन रोग्यांची हकीकत दिली आहे. एक अठरा वर्षांची मुलगी, दुसरा सोळा वर्षांचा मुलगा. दोघांनाही ताप नाहीं, खोकला नाहीं, तरी शरीर झिजत चाललेलें. मॉर्टन यांनीं याचें मूळ मनाच्या क्लेशांत आहे असें ओळखलें. मुलगी औषधांना कंटाळली आणि दगावली. मुलाला त्यांनीं अभ्यास सोडून खेड्यांत राहावयास आणि दूध घ्यावयास सांगितलें; तो पुष्कळ सुधारला. हा रोग मुलींचाच, असें आपण समजतों. पण पहिल्याच नोंदींत एक मुलगाही आहे, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

पुढें १८७३ सालीं पॅरिसचे लासेग आणि लंडनचे सर विल्यम गल या दोघांनीं एकमेकांपासून स्वतंत्रपणें या रोगाचें वर्णन केलें. गल हे मोठ्या नांवाचे वैद्य. १८७१ मध्यें प्रिन्स ऑफ वेल्स यांच्या विषमज्वरांत त्यांनीं उपचार केले होते. ‘अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होझा’ हें आज रूढ असलेलें नांव त्यांचेंच. गल यांनीं शरीराकडे पाहिलें: नाडी मंद, अंग थंड, मासिक धर्म बंद, उपाय म्हणजे ऊब आणि ठराविक अंतरानें अन्न. लासेग यांनीं घराकडे पाहिलें. मुलगी खात नाहीं म्हटल्यावर घरचे आधीं आर्जव करतात, मग धमकी देतात, आणि दोन्हींनीं तिचा हट्ट वाढतोच, हें त्यांनीं सूक्ष्मपणें लिहून ठेविलें. दोघांचे लेख एकत्र ठेविले असते तर संयुक्त चिकित्सेचा पाया त्याच वर्षीं पडला असता. पण पुढच्या पिढीनें घेतलें तें वेगळेंच. नातेवाईक हे अशा रोग्याचे सर्वांत वाईट शुश्रूषक होत, या गल यांच्या मताचा जोर वाढला, आणि मुलीला आईबापांपासून दूर ठेवणें हाच उपाय ठरला.

यानंतर पारडें पूर्णपणें शरीराकडे झुकलें. १९१४ सालीं हॅम्बुर्गचे मॉरिस सिमंड्स यांनीं मेंदूच्या तळाशीं असलेल्या पिच्युइटरी ग्रंथीचा नाश झाल्यानें शरीर झिजतें, असें दाखविलें. शोध खरा होता. पण त्याचा परिणाम असा झाला कीं, खाणें टाकलेल्या मुलींनाही तोच रोग आहे असें समजून ग्रंथींचे अर्क देण्यांत येऊं लागले. हा गोंधळ वीसएक वर्षें चालला. १९३६ मध्यें इंग्लंडांत जॉन राइल यांच्यासारख्या वैद्यांनीं हे दोन रोग वेगळे आहेत असें पुन्हां स्पष्ट केलें. मग लंबक उलट बाजूला गेला, आणि कित्येक मनोविश्लेषक शरीराचें वजन हा दुय्यम विषय मानूं लागले. एकानें मन विसरावें, दुसऱ्यानें शरीर विसरावें, असा हा खेळ होता.

आपल्या देशांत तर भिंती प्रत्यक्ष विटांच्याच होत्या. नागपूरचें मनोरुग्णालय १८६४ सालचें. १९१२ च्या कायद्याचें नांवच वेड्यांचा कायदा. सामान्य इस्पितळ गांवांत आणि वेड्यांचें इस्पितळ गांवाबाहेर. त्या फाटकांतून आंत जाणें म्हणजे घराण्याला डाग, अशी समजूत. न खाणारी मुलगी तेथें कोण नेणार?

या भिंतीला पहिलें खिंडार कलकत्त्यास पडलें. १९३३ सालीं डॉ. गिरींद्रशेखर बोस यांनीं तेथील कार्मायकेल मेडिकल कॉलेजच्या, म्हणजे आजच्या आर. जी. कर महाविद्यालयाच्या, सामान्य रुग्णालयांत मानसोपचाराचा विभाग उघडला. पांच वर्षांनीं, १९३८ सालीं, मुंबईच्या जे. जे. रुग्णालयांत डॉ. के. आर. मसानी यांनीं असाच बाह्यरुग्ण विभाग सुरू केला. मराठी मुलुखाच्या दृष्टीनें ही गोष्ट मोठी आहे. ज्या फाटकांतून लोक हिंवतापासाठीं आंत जात, त्याच फाटकांतून मनाच्या दुखण्यासाठींही जातां येऊं लागलें. आणि संध्याकाळीं घरीं परततां येऊं लागलें. १९४६ मध्यें भोर समितीनें आपला अहवाल दिला तेव्हां सबंध हिंदुस्थानांत मनोरुग्णांसाठीं सुमारें दहा हजारच खाटा होत्या. खाटा इतक्या थोड्या असतां बाह्यरुग्ण विभागाशिवाय दुसरा मार्गच नव्हता.

त्याच सुमारास अमेरिकेंत एक प्रयोग झाला. मला विचाराल तर या सगळ्या इतिहासाची किल्ली त्यांत आहे. १९४४ च्या अखेरीस मिनेसोटा विद्यापीठांत अँसेल कीज यांनीं छत्तीस निरोगी तरुण निवडले. हे युद्धांत शस्त्र धरण्यास नकार देणारे स्वयंसेवक होते. महायुद्धानंतर उपाशी लोकांना अन्न कसें द्यावें हें शोधण्यासाठीं त्यांना चोवीस आठवडे अर्धपोटीं ठेवण्यांत आलें. वजनें सुमारें चतुर्थांशानें घटलीं. परंतु खरें आश्चर्य मनाचें होतें. ते धट्टेकट्टे, समजूतदार तरुण चिडखोर आणि उदास झाले. दिवसरात्र अन्नाचाच विचार करूं लागले. पाककृतींचीं पुस्तकें वाचूं लागले. जेवण लांबवीत बसूं लागले. मित्रांना टाळूं लागले. खाऊं घातल्यावरही कित्येकांचें मन ताळ्यावर येण्यास महिने लागले. म्हणजे मनामुळें उपासमार होते हें जितकें खरें, तितकेंच उपासमारीमुळें मन बिघडतें हेंही खरें. हें एक चक्र आहे. उपाशी मेंदूला नुसता उपदेश पोंचत नाहीं. आणि मन न वळवितां पोटांत घातलेलें अन्न टिकत नाहीं. ‘आधीं शरीर कीं आधीं मन’ हा प्रश्नच चुकीचा ठरला. माझ्या विद्यार्थिनीला त्या दोन दारांनीं नेमका हाच प्रश्न विचारला होता.

दुसरा धडा महायुद्धानंतर मिळाला. छावण्यांतून सुटलेल्या उपाशी कैद्यांना एकदम भरपूर जेवण दिलें असतां त्यांपैकीं कांहीं दगावले. दीर्घ उपासानंतर अन्न पोटांत जातांच रक्तांतील फॉस्फेट, पोटॅशियम यांसारखे क्षार झपाट्यानें उतरतात आणि हृदय दगा देतें. आपल्या आज्या लंघनानंतर आधीं पेज देत, पुरणपोळी देत नसत. त्यांच्या अनुभवाला शास्त्रानें दिलेलें हें कारण आहे. यासाठीं अशा रोग्याला पुन्हां खावयास लावण्याचें काम एकट्या मानसोपचारतज्ज्ञानें करण्याजोगें नाहीं. शेजारीं रक्त तपासणारा डॉक्टर हवा.

घरच्यांविषयींचा गैरसमज दूर होण्यास मात्र शंभरावर वर्षें लागलीं. १९८७ सालीं लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयांतील जेराल्ड रसेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं एक अभ्यास प्रसिद्ध केला. भरपूर खाऊन मुद्दाम ओकून टाकण्याच्या ‘बुलिमिया नर्व्होझा’ या विकाराला १९७९ मध्यें नांव देणारे रसेल ते हेच. ज्या मुलींचा रोग लहान वयांत जडला होता आणि जुना झालेला नव्हता, त्यांना आईबापांना बरोबर घेऊन केलेल्या उपचारानें अधिक गुण आला, असें त्यांना आढळलें. ज्यांना गल यांनीं वाईट शुश्रूषक म्हटलें, तेच आतां औषध ठरले. मात्र त्यांना दोष न देतां, आर्जव आणि धमकी यांच्या मधली वाट शिकवावी लागते. येथें आपल्या देशाची एक गोष्ट अभिमानानें सांगतों. अमृतसरच्या मनोरुग्णालयांत डॉ. विद्यासागर यांनीं १९५० नंतरच्या दशकांतच रोग्यांच्या नातेवाइकांना आवारांत तंबू ठोकून रोग्याजवळ राहूं दिलें होतें. नातेवाईक हे ओझें नसून साहाय्य आहेत, हें आपल्याकडे गरजेंतून आणि शहाणपणांतून आधींच उमगलें होतें.

पुढें २००७ सालीं इंग्लंडांतून आणखी एक निष्कर्ष आला. या रोगानें ग्रस्त कुमारवयीन मुलांमुलींना रुग्णालयांत ठेवून केलेला उपचार आणि बाह्यरुग्ण म्हणून केलेला उपचार यांची तुलना करतां, रुग्णालयांत ठेवण्यानें विशेष अधिक लाभ दिसला नाहीं. प्राणावर बेतलें असतां दाखल करावेंच लागतें, याविषयीं दुमत नाहीं. परंतु इतरांसाठीं घरीं राहून नेमानें दवाखान्यांत येणें हाच मार्ग पुरेसा ठरूं शकतो.

तो संयुक्त बाह्यरुग्ण विभाग असतो तरी कसा? त्यांत कांहीं गूढ नाहीं. एकच दिवस, एकच जागा, एकच कागद. रोगी आला कीं वजन करतात. निजवून आणि उभें करून नाडी व रक्तदाब पाहतात. रक्तांतील क्षार तपासतात. जरूर तर हृदयाचा आलेख काढतात. आहारतज्ज्ञ आठवड्याचें खाणें ठरवून देतात. मग मानसोपचारतज्ज्ञ रोग्याशीं एकान्तांत आणि घरच्यांशीं एकत्र बोलतात. शेवटीं तिघेही एकमेकांशीं बोलून पुढचा आठवडा ठरवितात, आणि नाडी किंवा वजन कोणत्या मर्यादेखालीं गेल्यास दाखल करावयाचें हें आधींच लिहून ठेवितात. रोग्याला दोन सल्ले मिळत नाहींत. बापाची मजुरी दोनदां बुडत नाहीं. ही शेवटची गोष्ट वैद्यकाच्या ग्रंथांत नसते. पण आमच्या राजुरास तीच निर्णायक ठरते.

हें सगळें परदेशांतील सुखवस्तु घरांचें दुखणें, असें आपण म्हणाल. मीही म्हणालों असतों. १९९५ सालीं दिल्लीच्या डॉक्टरांनीं पांच तरुण स्त्रियांची हकीकत प्रसिद्ध केली. अन्न नाकारणें, ओकाऱ्या, वजन घटणें, मासिक धर्म बंद होणें हीं लक्षणें होतीं. परंतु ‘मी लठ्ठ दिसतें’ ही परदेशांत ठळक दिसणारी भावना त्यांच्यांत तशी नव्हती. त्यामुळें निदान प्रथम उमजेना. २०१२ साली बंगळूरच्या मानसोपचारतज्ज्ञांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यांपैकीं सुमारें दोन तृतीयांश जणांनीं असा एखादा तरी रोगी पाहिला होता. आपल्याकडे हा रोग आरशासमोर उभा राहून येतोच असें नाहीं. तो कधीं व्रताच्या वेषांत येतो, कधीं ‘पोट दुखतें’ या शब्दांत, कधीं परीक्षेच्या धास्तींत.

आज परिस्थिति पूर्वींसारखी नाहीं. आमच्या जिल्ह्याच्या गांवीं १९८९ पासून वसंतराव नाईक यांच्या नांवाचें शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. १९९६ सालीं जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम देशांत सुरू झाला. २०१७ च्या कायद्यानें मनाच्या उपचाराला हक्काचें स्थान दिलें; जुन्या कायद्यांतील ‘वेडा’ हा शब्द त्याआधींच, १९८७ च्या कायद्यानें, गेला होता. १० ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर फुकट सल्ला मिळतो. दारें जवळ आलीं आहेत. पण खाण्याच्या विकारांसाठीं तीं एक करणारे विभाग आपल्याकडे अजून विरळ आहेत. त्यासाठीं नव्या इमारती लागतातच असें नाहीं. दोन डॉक्टरांनीं आठवड्यांतील एक सकाळ एका टेबलापाशीं बसण्याचें ठरविलें तरी प्रारंभ होतो. मुंबईस १९३८ सालींही प्रारंभ अशाच एका बाह्यरुग्ण विभागानें झाला होता.

आणि आपण श्रोत्यांनीं काय करावें? घरांतील मुलगी किंवा मुलगा एकामागून एक पदार्थ सोडूं लागला, जेवणाच्या वेळीं नाहींसा होऊं लागला, जेवून उठतांच मोरींत जाऊन कोंडून घेऊं लागला, मुलीची पाळी चुकूं लागली, किंवा उभें राहतांच घेरी येऊं लागली, तर त्याचें कौतुकही करूं नये आणि त्याला रागावूंही नये. डॉक्टरांकडे न्यावें. शरीर तपासून घ्यावें आणि त्याच आठवड्यांत मनाच्या डॉक्टरांनाही दाखवावें. एका डॉक्टरांची चिठ्ठी दुसऱ्यांना द्यावी, आणि ‘आपण दोघे एकमेकांशीं बोलाल का?’ एवढें नम्रपणें विचारावें. हा प्रश्न विचारण्याचा अधिकार प्रत्येक आईबापाला आहे. त्या भट्टीवरच्या मजुराला तो कोणी सांगितला नाहीं. मीही सांगितला नाहीं, कारण मलाच तो ठाऊक नव्हता.

शाळेंतील माझ्या बांधवांना शेवटीं एकच विनंति. परत जाणाऱ्या भरल्या डब्याकडे लक्ष द्या. मीं त्याला निग्रह म्हटलें. तेव्हां मला वर्गाकडे पाहून बोलण्याऐवजीं तिच्याजवळ जाऊन, “बाई, तुला भूक लागत नाहीं का ग?” एवढें विचारतां आलें असतें. तो प्रश्न मीं विचारला नाहीं. आपण विचारावा, म्हणून हा सारा इतिहास सांगितला.